डॉसमध्ये पाच मेगाबाइट मेमरी मोकळी असूनही प्रोग्राम 'मेमरी अपुरी' का म्हणतो?

धागा सुरू करणार : खतावणी

आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेच्या १९९३ ते १९९९ या वर्षांतील ठेवींचे अहवाल पुन्हा छापून हवे आहेत. त्या काळी वापरात असलेला संगणक अजून कपाटाशेजारी उभा आहे आणि आश्चर्य म्हणजे चालू होतो. यंत्र ४८६ प्रोसेसरचे, ६६ मेगाहर्ट्झचे, ८ मेगाबाइट मेमरीचे असून त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही मायक्रोसॉफ्टची जुनी कार्यप्रणाली आहे. हिशेबाचा प्रोग्राम क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. माहिती साठवलेल्या डीबीएफ फाइली मी उतरवून घेतल्या आहेत, त्यामुळे माहिती हरवण्याची भीती नाही. परंतु व्याजाची गणना आणि अहवालाचा नमुना प्रोग्रामच्याच पोटात आहे आणि लेखापरीक्षकांना तोच नमुना हवा आहे.

अडचण अशी की प्रोग्राम सुरू करताच 'मेमरी अपुरी आहे' एवढा संदेश देऊन बंद पडतो. सोबतच्या चार पानी पुस्तिकेत 'किमान ५४० किलोबाइट मोकळी मेमरी आवश्यक' असे छापले आहे. मी 'मेम' ही आज्ञा देऊन पाहिली. तिच्या म्हणण्यानुसार साध्या मेमरीत ६४० पैकी ४७९ किलोबाइट मोकळे आहेत आणि त्याखालच्या एक्सएमएसच्या, म्हणजे एक मेगाबाइटच्या वरच्या मेमरीच्या, ओळीत ५०५६ किलोबाइट मोकळे आहेत. म्हणजे पाच हजार किलोबाइट शिल्लक असताना यंत्र पाचशे चाळीस देऊ शकत नाही. हे कोडे कोणी उलगडून सांगेल का? नुसता उपाय नको, कारणही समजून घ्यायचे आहे.


प्रतिसाद १ : टपालतिकीट

जुन्या बाजारात ७२ पिनांच्या मेमरी पट्ट्या अजून मिळतात. आणखी ८ मेगाबाइट बसवून पाहावे, असे सुचवतो.


प्रतिसाद २ : जुनीफ्लॉपी

टपालतिकीट यांचा सल्ला आजच्या संगणकाला लागू पडला असता. येथे मात्र पट्ट्या कितीही वाढवल्या तरी ४७९ चे ४८० होणार नाहीत. खतावणी यांच्या यंत्रात जागा भरपूर आहे, पण त्यांच्या प्रोग्रामला त्या जागेचा पत्ता उच्चारता येत नाही. सगळे कोडे या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. या प्रोसेसरमधून पत्ता सांगणाऱ्या वीस तारा बाहेर पडतात. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे पत्ते. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणून एकूण एक मेगाबाइट. याच्या पलीकडचा बाइट त्या प्रोसेसरसाठी अस्तित्वातच नसतो.

आता गंमत अशी की प्रोसेसरच्या आतली रजिस्टरे, म्हणजे आकडे ठेवण्याचे डबे, सोळा बिटांची आहेत आणि सोळा बिटांत ६५,५३५ हून मोठा आकडा मावत नाही. वीस बिटांचा पत्ता सोळा बिटांच्या डब्यात कसा ठेवायचा? इंटेलने दोन डबे जोडून वापरले. पहिल्यातील आकड्याला सेगमेंट म्हणतात, दुसऱ्यातील आकड्याला ऑफसेट. सेगमेंटला सोळाने गुणायचे आणि त्यात ऑफसेट मिळवायचा की खरा पत्ता मिळतो. सोळाच्या पटीतील अंकलेखनात सोळाने गुणणे म्हणजे उजवीकडे एक शून्य चढवणे, त्यामुळे हिशेब तोंडी जमतो. सेगमेंट १२३४ आणि ऑफसेट ०००५ घेतल्यास १२३४० अधिक ५, म्हणजे १२३४५. परंतु १०००:२३४५ लिहिले तरी तोच १२३४५ मिळतो. एकाच घराला हजारो पत्ते असण्याची ही सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्याला पुढे अनेक वर्षे पुरली.

या एक मेगाबाइटची वाटणी आयबीएमने केली. ६४ किलोबाइटचा एक असे सोळा तुकडे कल्पा. खालचे दहा तुकडे प्रोग्रामांसाठी, म्हणजे ६४० किलोबाइट. वरचे सहा तुकडे यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी, म्हणजे ३८४ किलोबाइट. वरचा भाग ए०००० या पत्त्यापासून सुरू होतो. (सोळाच्या पटीतील ए ते एफ हे अंक मी देवनागरीत लिहीत आहे, यंत्रावर टंकताना ते आणि सर्व आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्याव्यात.) ए०००० पासून रंगीत चित्रांची मेमरी, बी०००० पासून एकरंगी पडद्याची, बी८००० पासून रंगीत पडद्यावरील मजकुराची, सी०००० पासून पडदा चालवणाऱ्या व्हीजीए कार्डावरचा रॉम, म्हणजे केवळ वाचता येणारी कायमची मेमरी, आणि सर्वांत वर एफ०००० पासून बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम. यंत्र चालू होताच ८०८८ पहिली सूचना एफएफएफएफ:०००० येथून, म्हणजे एक मेगाबाइट संपण्याच्या अवघ्या सोळा बाइट आधीच्या जागेवरून, उचलतो; त्यामुळे बायोस शेवटी असणे भागच होते.

ही वाटणी केवळ कागदावरची नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. डीबग हा मेमरी तपासण्याचा डॉसमधील प्रोग्राम सुरू करून 'ई बी८००:० ४१ १एफ' अशी आज्ञा द्या. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा इंग्रजी ए उमटेल. आपण पडद्याला काही सांगितले नाही. केवळ मेमरीच्या दोन बाइटांत दोन आकडे ठेवले. पहिला बाइट अक्षराचा, दुसरा रंगाचा. ऐंशी स्तंभ, पंचवीस ओळी, प्रत्येकी दोन बाइट, असा अख्खा पडदा ४००० बाइटांत बसतो.

खालच्या टोकालाही जागा राखलेली आहे. अगदी शून्यापासून १०२४ बाइट इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला हाक मारून काम करवून घेण्याच्या सोयीच्या, तक्त्याचे. २५६ नोंदी, प्रत्येकी चार बाइट. त्यावर, ००४० या सेगमेंटला, बायोसची टिपणवही. कॅप्स लॉक चालू आहे की बंद हे ००४०:००१७ येथील बाइटात कळते, आणि घड्याळाचे ठोके ००४०:००६सी येथे सेकंदाला १८.२ या गतीने वाढत असतात. त्यानंतर डॉस स्वतः, मग यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग फाइलीतील ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम), मग आज्ञा वाचणारा कमांड डॉट कॉम, मग त्यानंतर वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्सेक फाइलीतून येऊन ठाण मांडून बसलेले छोटे प्रोग्राम. एवढे सगळे ६४० मधून वजा झाल्यावर जो सलग तुकडा उरतो तो आपल्या प्रोग्रामचा. खतावणी यांच्याकडे हा उरलेला तुकडा ४७९ आहे.

एक मेगाबाइटच्या वरचे सात मेगाबाइट ४८६ ला दिसतात, पण तो संरक्षित पद्धतीत चालत असेल तेव्हाच. डॉस आणि त्याचे साधे प्रोग्राम वास्तव पद्धतीत, म्हणजे वेगवान ८०८८ असल्याच्या थाटात चालतात. १९९३ च्या डूमसारखे खेळ त्याच डॉसवर चार मेगाबाइट सहज वापरत, कारण ते सोबत डॉस/४जीडब्ल्यू नावाचा विस्तारक घेऊन येत आणि तो प्रोसेसरला संरक्षित पद्धतीत नेई. हिशेबाच्या या प्रोग्रामात तशी सोय दिसत नाही.

तेव्हा पहिले काम : 'मेम /सी' देऊन ४७९ व्यतिरिक्तचे १६१ किलोबाइट कोणी खाल्ले ते येथे लिहावे.


प्रतिसाद ३ : काटेकोर

जुनीफ्लॉपी यांचे विवेचन उत्तम आहे, तरी एक बाब स्पष्ट व्हावी. '६४० ची मर्यादा डॉसची' असे सर्रास लिहिले जाते. वर तसे लिहिलेले नाही हे बरे. ती मर्यादा आयबीएमच्या आराखड्याची आहे. त्याच एमएस-डॉसवर चालणारे टँडी २००० हे यंत्र ७६८ किलोबाइट देत असे आणि व्हिक्टर ९००० तर ८९६ पर्यंत जाई, कारण त्यांनी पडद्याची मेमरी वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. किंबहुना आयबीएम-सुसंगत यंत्रातही केवळ मजकूर दाखवणारे एकरंगी कार्ड असेल तर ए०००० चा तुकडा रिकामा असतो आणि योग्य चिपा बसवून डॉसला ७०४ किलोबाइट देता येतात. सीजीए हे जुने रंगीत कार्ड असेल तर बी८००० पर्यंत, म्हणजे ७३६. डॉस तक्रार न करता ते घेतो.

ओघात हेही नोंदवतो की '६४० किलोबाइट कोणालाही पुरेत' हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जाते. आपण असे कधीही म्हटलेले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे आणि त्यांनी ते म्हटल्याचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. या धाग्यावर ते वाक्य कोणी आणण्याच्या आत सांगून टाकले.


प्रतिसाद ४ : खतावणी

'मेम /सी' ची यादी अशी आहे, आकडे किलोबाइटमध्ये पूर्णांकात : डॉस, हिमेमसह, ६२; कमांड ५; सीडी-रॉमचा ड्रायव्हर १६; एमएससीडेक्स (सीडी वाचण्यासाठी) २८; स्मार्टड्राइव्ह (डिस्कचे काम जलद करण्यासाठी) २९; माउस १७; डॉसकी (आधीच्या आज्ञा परत आणण्यासाठी) ४. बेरीज १६१ जुळते. कॉन्फिग फाइलीत हिमेमची ओळ आहे, पण 'डॉस=हाय' ही ओळ नाही. ती टाकली तर डॉस खरोखर वर जातो का? आणि 'वर' म्हणजे नेमका कुठे, कारण ६४० च्या वर तर पडदा आणि बायोस आहे असे आपणच सांगितलेत.


प्रतिसाद ५ : जुनीफ्लॉपी

हा प्रश्न या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

सेगमेंटचा सर्वांत मोठा आकडा एफएफएफएफ. त्याला सोळाने गुणले की एफएफएफएफ०. त्यात सर्वांत मोठा ऑफसेट एफएफएफएफ मिळवा. उत्तर येते १०एफएफईएफ, जे एक मेगाबाइटच्या पलीकडे जाते. ८०८८ ला वीसच तारा असल्यामुळे पुढचा एक गळून पडतो आणि पत्ता पुन्हा शून्याजवळ येऊन लागतो. मीटरचा काटा शेवटच्या आकड्यानंतर पहिल्यावर यावा तसा. काही प्रोग्रामांनी या वळशाचा प्रत्यक्ष उपयोग करून घेतला होता.

मग १९८४ मध्ये आयबीएमचा एटी आला. त्यातील ८०२८६ ला चोवीस तारा होत्या, म्हणून १६ मेगाबाइटपर्यंतचे पत्ते. आता तो गळणारा एक गळेना. एकविसाव्या तारेवरून तो सरळ बाहेर पडू लागला, पत्ता खरोखरच एक मेगाबाइटच्या वर गेला आणि वळशावर विसंबलेले प्रोग्राम बिघडण्याची वेळ आली. तारांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून एकविसाव्या तारेचे नाव ए२०. आयबीएमने या तारेवर एक फाटक बसवले. फाटक बंद असेल तेव्हा तार कायम शून्य, म्हणजे एटी जुन्या पीसीसारखा वागणार. ते उघडण्या-मिटण्याची कळ कुठे असावी? कीबोर्ड सांभाळणाऱ्या ८०४२ या चिपची एक पिन मोकळी होती, तिच्यावर. मेमरीच्या पत्त्याचा आणि कळफलकाचा काडीचाही संबंध नसताना पुढच्या कित्येक पिढ्यांतील पीसींनी ही सोयरीक निभावली.

आता फाटक उघडे ठेवले तर काय होते ते पाहा. एफएफएफएफ:००१० पासून एफएफएफएफ:एफएफएफएफ पर्यंतचे ६५,५२० बाइट, म्हणजे ६४ किलोबाइटला सोळा बाइट कमी, एक मेगाबाइटच्या वर असूनही वास्तव पद्धतीतच हाताशी येतात. या पट्ट्याला उच्च मेमरी क्षेत्र, एचएमए, म्हणतात. गणिताच्या एका सांदीतून मिळालेली ही जागा आहे. हिमेम हा ड्रायव्हर फाटक सांभाळतो आणि ही जागा एका वेळी एकालाच देतो. 'डॉस=हाय' लिहिले की ती डॉसच मागून घेतो आणि आपला गाभा व डिस्कचे बफर तेथे नेऊन ठेवतो. श्रेय द्यायचे तर हे प्रथम १९९० मध्ये डिजिटल रिसर्चच्या डीआर डॉस ५ ने केले. एमएस-डॉस ५ जून १९९१ चा.

तेव्हा हिमेमच्या ओळीखाली 'डॉस=हाय' टाकावी, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि आकडा कळवावा.


प्रतिसाद ६ : खतावणी

४७९ चे ५२६ झाले. डॉस ६२ वरून १७ वर आला आणि कमांड ५ वरून ३ वर. केवळ एका ओळीने ४७ किलोबाइट मिळावेत याचे नवल वाटते. तरीही ५४० ला १४ कमी पडतात. माउस काढून टाकला तर प्रोग्राम चालेल हे दिसते आहे, पण मला हा मार्ग पळवाट वाटतो.


प्रतिसाद ७ : तळघर

जुनीफ्लॉपी पुढचे सांगतीलच. मधल्या वेळेत 'सलग तुकडा' या शब्दांवर थोडे लिहितो, कारण मेमची यादी येते कुठून हे कळले की पुढच्या गोष्टी सोप्या जातात.

डॉस मेमरीची नोंद कोणत्याही मध्यवर्ती वहीत ठेवत नाही. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर सोळा बाइटांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिचा पहिला बाइट ४डी, म्हणजे इंग्रजी एम. केवळ साखळीतील शेवटच्या चिठ्ठीवर ५ए, म्हणजे झेड. ही मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याची आद्याक्षरे आहेत आणि ईएक्सई फाइलींच्या पहिल्या दोन बाइटांतही तीच सापडतात. पुढचे दोन बाइट मालकाचे, त्यापुढचे दोन तुकड्याच्या लांबीचे. लांबी सोळा-सोळा बाइटांच्या पॅराग्राफात मोजतात. आवृत्ती ४ पासून चिठ्ठीच्या शेवटच्या आठ बाइटांत प्रोग्रामचे नावही लिहिले जाते.

माझ्याकडील यंत्रावर, डॉस वर नेलेला असताना, पाहिलेले येथे देतो. डीबगमध्ये एएच रजिस्टरात ५२ भरून इंटरप्ट २१ हाकारला की डॉस आपल्या अंतर्गत याद्यांचा पत्ता ईएस:बीएक्स मध्ये देतो, आणि त्या पत्त्याच्या दोन बाइट आधी पहिल्या चिठ्ठीचा सेगमेंट असतो. तेथे '५३ ०२' असे दिसले. इंटेलमध्ये लहान बाइट आधी लिहितात, म्हणून सेगमेंट ०२५३. मग 'डी ०२५३:० एल १०' दिले, तेव्हा सुरुवात अशी होती : ४डी, ०८ ००, ९सी ०२. म्हणजे एम, मालक ०००८, जी डॉसची स्वतःची खूण, लांबी ०२९सी, म्हणजे ६६८ पॅराग्राफ, म्हणजे १०,६८८ बाइट. पुढची चिठ्ठी कुठे? ०२५३ अधिक ०२९सी अधिक चिठ्ठीचा स्वतःचा एक, म्हणजे ०४एफ०. तेथे पाहिले तर पुन्हा ४डी. अशा उड्या मारत गेले की शेवटी ५ए भेटतो.

प्रोग्रामाने सांभाळून न लिहिता या चिठ्ठीचा एखादा बाइट पुसला तर साखळी तुटते, आणि डॉसला ते कळले की तो मेमरीच्या वाटपात चूक असल्याचे सांगून यंत्र जागीच थांबवतो. दोन मोकळ्या तुकड्यांच्या मध्ये कोणी बसलेला असेल तर दोहोंची बेरीज कितीही असो, प्रोग्रामला त्यांपैकी मोठा एकच मिळतो. म्हणून मेमच्या यादीत 'चालू शकणारा सर्वांत मोठा प्रोग्राम' ही ओळ वाचावी, नुसती बेरीज वाचू नये.


प्रतिसाद ८ : जुनीफ्लॉपी

तळघर यांचे आभार. आता ५२६ च्या पुढे जाऊ.

वरचे ३८४ किलोबाइट राखीव आहेत खरे, पण सगळे भरलेले नाहीत. व्हीजीए कार्डाचा रॉम सहसा सी७एफएफएफ येथे संपतो आणि बायोस एफ०००० ला सुरू होतो. मधल्या पत्त्यांवर बहुतेक यंत्रांत कोणीच राहत नाही. पत्ते आहेत, मेमरी नाही; आणि एक मेगाबाइटच्या वर नेमके उलट, मेमरी आहे पण पत्ता नाही. १९८५ च्या ८०३८६ ने या दोहोंची गाठ घालण्याची सोय केली. त्याच्या आभासी ८०८६ पद्धतीत प्रोग्रामला वाटते की आपण साध्या ८०८६ वर आहोत, पण त्याने उच्चारलेला प्रत्येक पत्ता चार-चार किलोबाइटच्या पानांच्या कोष्टकातून जातो आणि कोष्टक सांगेल त्या खऱ्या जागी पोहोचतो. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर हे कोष्टक मांडतो आणि वरची रिकामी पाने सात मेगाबाइटमधील खऱ्या मेमरीला जोडून देतो. अशा तुकड्यांना यूएमबी म्हणतात. मग ड्रायव्हरसाठी 'डिव्हाइसहाय' आणि प्रोग्रामांसाठी 'एलएच' लिहिले की ती मंडळी खालची जागा सोडून वर राहायला जातात.

खतावणी यांनी 'डॉस=हाय,यूएमबी' अशी ओळ करावी, हिमेमनंतर ईएमएम३८६ ची ओळ टाकावी, सीडी-रॉमच्या ड्रायव्हरला 'डिव्हाइसहाय' लावावे आणि ऑटोएक्सेकमध्ये एमएससीडेक्स, माउस व डॉसकी यांच्या आधी 'एलएच' लिहावे. स्मार्टड्राइव्ह वर जागा दिसली तर आपण होऊन वर जातो.


प्रतिसाद ९ : खतावणी

अर्धे यश मिळाले. आता ५४२ आहेत. प्रोग्राम सुरू झाला आणि पंचवीस वर्षांनी ठेवीदारांची यादी पडद्यावर पाहून संस्थेतील एका ज्येष्ठ लेखनिकांचे डोळे पाणावले. परंतु वार्षिक व्याजाचा अहवाल निम्म्यावर येऊन मेमरीच्याच कारणाने थांबतो. सीडीचा ड्रायव्हर आणि डॉसकी वर गेले. एमएससीडेक्स, स्मार्टड्राइव्ह आणि माउस खालीच राहिले. ईएमएम३८६ च्या ओळीत मी 'रॅम' हा शब्द लिहिला आहे, कारण जुन्या एका फाइलीत तसा होता.


प्रतिसाद १० : काटेकोर

त्या 'रॅम' शब्दातच उत्तर आहे. ईएमएम३८६ ला 'रॅम' सांगितले की तो यूएमबीसोबत ईएमएसही देतो, आणि ईएमएसची चौकट वरच्या जागेतील सलग ६४ किलोबाइट अडवून बसते. तो सी८००० ते डीएफएफएफएफ हे ९६ किलोबाइट आपण होऊन वापरतो; त्यांतून ६४ गेले की ३२ उरले. सोळाचा ड्रायव्हर आणि चारची डॉसकी मावली. अठ्ठावीस आणि एकोणतीस कसे मावणार?

ईएमएस म्हणजे काय हेही सांगून ठेवतो. लोटस १-२-३ या आकडेमोडीच्या प्रोग्रामचे तक्ते ६४० मध्ये मावेनासे झाले तेव्हा १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही पद्धत ठरवली. संस्थेच्या कपाटात शेकडो खातेवह्या असाव्यात आणि टेबलावर एका वेळी चारच मावाव्यात, तसा हा प्रकार आहे. सोळा किलोबाइटची एक वही. टेबल ६४ किलोबाइटचे. प्रोग्राम इंटरप्ट ६७ मार्फत सांगतो की तिसऱ्या जागेवर अमुक वही आणून ठेवा, आणि पत्ता न बदलता त्या जागेवरचा मजकूर बदलतो. सुरुवातीला त्यासाठी वेगळे कार्ड लागे आणि ८०८८ वरही ते चालत असे. १९८७ च्या चौथ्या आवृत्तीने ३२ मेगाबाइटपर्यंत मजल मारली. ३८६ नंतर तेच काम ईएमएम३८६ आपल्या कोष्टकातून करू लागला.

आपला प्रोग्राम ईएमएस मागत नसेल तर 'रॅम' च्या जागी 'नोईएमएस' लिहावे. मागत असेल तर तो सुरुवातीलाच तसे सांगेल.


प्रतिसाद ११ : टपालतिकीट

पट्ट्या घेण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो. एक शंका : वर रिकामे पत्ते आहेत हे ईएमएम३८६ ला कळते कसे? एखाद्या कार्डाने ती जागा धरलेली असेल तर?


प्रतिसाद १२ : जुनीफ्लॉपी

शंका रास्त आहे. तो प्रत्येक तुकडा चाचपून रॉमची खूण किंवा हालचाल दिसते का ते पाहतो. पण नेटवर्क कार्डासारखी काही कार्डे आपली मेमरी काम सुरू झाल्यावरच तेथे उघडतात आणि ती त्याच्या नजरेतून सुटतात. मग यंत्र दोन तास नीट चालते आणि ऐन छपाईत गोठते. अशा वेळी कार्डाच्या पुस्तिकेतील पत्ता पाहून 'एक्स=डी०००-डी३एफएफ' अशा धर्तीवर तो भाग वगळावा. त्या काळी आपल्याकडील अनेक कार्यालयांत पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेले असे, ज्यामुळे डॉसच्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटे. खतावणी यांच्या यंत्राचे झाकण उघडून असे एखादे जादा कार्ड आहे का हे पाहणे बरे.


प्रतिसाद १३ : खतावणी

झाकण उघडले. व्हीजीए, डिस्कचे नियंत्रक कार्ड आणि बोटभर धूळ, एवढेच सापडले. 'नोईएमएस' केल्यावर ५४२ चे ५९९ झाले. १९९३-९४ चा व्याजाचा अहवाल पूर्ण छापला गेला. डॉट मॅट्रिक्सचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतील लोक पाहायला आले.

आता केवळ कुतूहल उरले आहे. माउस अजून खालीच आहे. ९६ मधून १६, २९, २८ आणि ४ गेले की १९ उरतात आणि माउस तर १७ चा आहे. तो वर का जात नाही?


प्रतिसाद १४ : तळघर

कारण माउस १७ चा आहे तो स्थिरावल्यानंतर. आत येताना तो त्याहून बराच मोठा असतो. मायक्रोसॉफ्टच्या माउस डॉट कॉमची फाइल यादीत पाहा, ती ५० किलोबाइटच्या वर असेल. कॉम प्रकारची फाइल जशीच्या तशी मेमरीत उतरते, मग माउस कोणता आहे हे ओळखते, नको असलेला भाग टाकते आणि १७ वर थांबते. 'एलएच' ला उतरण्यापुरती जागा सलग मिळाली नाही की तो निमूटपणे प्रोग्राम खाली उतरवतो. म्हणून ऑटोएक्सेकमध्ये उतरताना सर्वांत मोठा होणारा प्रोग्राम आधी लिहावा. सीडीचा ड्रायव्हर गेल्यावर वर ८० उरतात, तेव्हाच माउस बोलवा. एमएस-डॉस ६ मधील मेममेकर असेच क्रम लावून पाहतो, पण हाताने लावण्यात जे समाधान आहे ते त्यात नाही.


प्रतिसाद १५ : काटेकोर

एवढ्यानेही जागा पुरली नाही तर ईएमएम३८६ ला 'आय=बी०००-बी७एफएफ' सांगता येते. एकरंगी पडद्याचे ते ३२ किलोबाइट व्हीजीए यंत्रात बहुधा पडून असतात. काही एसव्हीजीए (व्हीजीएची सुधारित) कार्डे मात्र ते वापरतात, म्हणून आधी फ्लॉपीवर सुरुवातीची डिस्क तयार ठेवावी. कॉन्फिग फाइल बिघडली तर यंत्र उठणार नाही. एमएस-डॉस ६ मध्ये एफ५ दाबून दोन्ही फाइली टाळता येतात, हेही ध्यानात असावे.


प्रतिसाद १६ : खतावणी

बी००० ची गरज पडली नाही. माउसची ओळ सर्वांत वर नेली आणि ६१६ मिळाले. आताची कॉन्फिग फाइल अशी : हिमेम; ईएमएम३८६ नोईएमएस; डॉस=हाय,यूएमबी; फाइल्स=६०; बफर्स=२०; डिव्हाइसहाय सीडीचा ड्रायव्हर. ऑटोएक्सेकमध्ये माउस, एमएससीडेक्स, स्मार्टड्राइव्ह, डॉसकी या क्रमाने. साही वर्षांचे अहवाल छापून झाले आहेत आणि उद्या लेखापरीक्षक ते घेऊन जातील.


प्रतिसाद १७ : काटेकोर

अभिनंदन. बफर्स २० च राहू द्यावेत. ते फार वाढवले आणि एचएमएमध्ये मावेनासे झाले, तर डॉस सगळेच्या सगळे खाली आणून ठेवतो.